रोलवर बारकोड छापताय? 'फास्ट ड्राय' शाईची तीन घड्याळं आधी समजून घ्या



व्हिडिओत मी मशीन चालवून दाखवलं, पण आकडे बोलताना घाईघाईत निघून जातात. म्हणून ही लिखित नोट. मोबाईलवर नुसती वाचू नका, वही-पेन घेऊन बसा. मधे दोन छोटी गणितं आहेत, ती स्वतःच्या मशीनचे आकडे घालून सोडवायची आहेत.

आजचा विषय: लेबलच्या सलग रोलवर पटकन सुकणाऱ्या शाईने बारकोड छापणं. मसाले, हळद, पापड, लोणची, साबण, अगरबत्ती, जे कोणी पॅकिंग करतात आणि ज्यांना आता किराणा दुकानातून सुपरमार्केटमध्ये जायचंय, त्यांच्यासाठी हा धडा आहे. आणि माझ्यासारखे जे त्यांना लेबलं छापून देतात, त्यांच्यासाठी तर आहेच आहे.

आधी माझी चूक सांगतो

मी बीबीए केलं आणि नोकरी न शोधता पॅकिंग मटेरियलच्या दुकानात बसलो. कॉस्टिंग, मार्जिन, कस्टमर सॅटिस्फॅक्शन सगळं तोंडपाठ होतं. शाई किती सेकंदात सुकते हे मात्र कुठल्याच पेपरात विचारलं नव्हतं.

आमच्या सांगली भागातल्या एका महिला बचत गटाची हळद पुण्यातल्या एका सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदाच लागणार होती. दोन हजार पाकिटांची ऑर्डर. त्यांची रंगीत लेबलं आधीच छापून तयार होती, चकचकीत क्रोमो कागदावर. पण डिझाईन एकच आणि वजनं तीन: १०० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम. प्रत्येक वजनाला स्वतंत्र बारकोड नंबर लागतो, म्हणून लेबलवर एक पांढरी चौकट कोरी ठेवली होती. त्या चौकटीत बारकोड, एमआरपी आणि बॅच नंबर मी माझ्याकडच्या इंकजेटवर छापून द्यायचा होता.

कार्ट्रिजवर 'फास्ट ड्राय' लिहिलेलं. मी रोल चढवला आणि मशीन जोरात सोडलं. पाच मिनिटांत काम खलास. वरची दहा लेबलं मोबाईलने स्कॅन केली, सगळी वाचली गेली. ताईंना फोन केला, "रोल तयार आहे, घेऊन जा."

आठवड्याने त्यांचा फोन आला. "दादा, पुण्याहून माल परत आलाय. काउंटरवर बीप वाजत नाही म्हणतात."

पाकिटं उघडून पाहिली. पहिल्या काही बॉक्समधली लेबलं एकदम स्वच्छ. पण जसजसे पुढचे बॉक्स उघडत गेलो, तसतशा काळ्या रेघा पसरलेल्या, मधल्या पांढऱ्या जागा करड्या झालेल्या. म्हणजे रोलच्या बाहेरच्या थरातली लेबलं चांगली आणि आतली, कोअरजवळची खराब. मी तपासली होती फक्त बाहेरची.

मी नवीन बारकोडची छोटी स्टिकरं स्वखर्चाने छापली. गटातल्या बायका आणि मी, दोन दिवस बसून जुन्या बारकोडवर एकेक स्टिकर चिकटवत होतो. ताई एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पण शेल्फवरची जागा तोवर दुसऱ्या हळदीला गेली होती. ती परत मिळायला दीड महिना गेला आणि गटाचे पैसे तेवढे दिवस अडकले.

या एका चुकीतून मी जे शिकलो, तेच आज तुम्हाला देतोय.

बारकोडमध्ये नेमकं काय वाचलं जातं?

दुकानातल्या मालावर आपण जो वापरतो तो ईएएन-१३. आकडे १३, आणि आपल्याकडच्या बहुतेक मालावर सुरुवात ८९० ने. ८९० म्हणजे 'भारतात बनलेलं' असा गैरसमज आहे. त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने नंबर जीएस१ इंडियाकडून घेतलाय.

स्कॅनर खालचे आकडे वाचत नाही. तो रेघांची आणि मधल्या मोकळ्या जागांची रुंदी मोजतो. सगळ्यात बारीक रेघ म्हणजे एक 'मॉड्यूल'. मूळ आकारात ती ०.३३ मिलिमीटर असते. बाकीच्या रेघा आणि जागा तिच्या दुप्पट, तिप्पट किंवा चौपट. पूर्ण बारकोडमध्ये अशी ९५ मॉड्यूल. डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल जागा कोरी सोडावी लागते. बेरीज ११३, म्हणजे एकूण रुंदी ३७.२९ मिलिमीटर. आकार ८० टक्क्यांपर्यंत लहान आणि २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. ८० टक्क्यांच्या खाली जायचं नाही, लेबलवर जागा नसली तरी नाही.

आता विचार करा. सगळा खेळ एक तृतीयांश मिलिमीटरचा आहे. शाई दोन्ही बाजूंना जरा जरी पसरली, तरी बारीक पांढरी जागा बुजते. अक्षर थोडं पसरलं तर माणूस अंदाजाने वाचतो, पण स्कॅनर अंदाज करत नाही. शेवटचा तेरावा आकडा पडताळणीचा असतो. हिशोब जुळला नाही की स्कॅनर गप्प बसतो. म्हणून पसरलेल्या बारकोडने सहसा चुकीचं बिल होत नाही, बिलच होत नाही. आणि मागे रांग लागलेली असताना कॅशियर तुमच्या पाकिटाचे तेरा आकडे हाताने टाईप करत बसणार नाही, ते बाजूला ठेवणार.

'फास्ट ड्राय' म्हणजे किती फास्ट?

शाई दोन प्रकारे सुकते: कागदात मुरून आणि हवेत उडून. पाण्याची शाई बरीचशी मुरून सुकते. सॉल्व्हंटची शाई, म्हणजे ज्यात इथेनॉल किंवा एमईकेसारखं द्रव्य असतं, ती मुख्यतः उडून सुकते.

म्हणून कागद बदलला की शाईचा वेळ बदलतो.

मॅपलिथो कागद: साधा, चकाकी नसलेला. शाई पटकन शोषतो, त्यामुळे लवकर सुकते. पण धाग्यांमधून थोडी फुटते, रेघ जाड होते.

क्रोमो कागद: वर चकचकीत थर असतो. रेघ धारदार येते, पण पाण्याची शाई वरच बसून राहते. दिसायला सुकलेली, हात लावला की पुसली जाते.

प्लॅस्टिक फिल्म, म्हणजे बीओपीपी किंवा सिल्व्हर लेबल: इथे मुरणं शून्य. पाण्याची शाई चालतच नाही. सॉल्व्हंट शाईच हवी.

कार्ट्रिजच्या डब्यावर जो वेळ लिहितात तो त्यांच्या कागदावरचा, त्यांच्या हवामानातला. तुमचा कागद वेगळा, आणि जुलैमधली तुमच्या गाळ्यातली हवा तर फारच वेगळी. पावसाळ्यात हवेत ओल असते, रोलही ओल धरतो आणि पाण्याची शाई आळसावते. मे महिन्यात जमलेलं सेटिंग जुलैत तसंच चालेल असं धरू नका.

आता मुख्य मुद्दा. रोलवर छापताना एकाच वेळी तीन घड्याळं चालू असतात. तिन्ही जुळली तरच काम नीट होतं.

पहिलं घड्याळ: कागदावरचं

म्हणजे तुमच्या शाईला तुमच्या कागदावर सुकायला खरोखर किती सेकंद लागतात. हे कोणाला विचारायचं नाही, स्वतः मोजायचं. मी याला 'टिश्यू टेस्ट' म्हणतो.

१. ज्या रोलवर काम करायचंय त्याच रोलचा मीटर-दोन मीटर तुकडा घ्या. दुसरा कागद चालणार नाही.

२. बारकोड छापा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करा.

३. एक सेकंदाने, पुढच्या बारकोडवर दोन सेकंदांनी, मग तीन, पाच, दहा असं करत बोटाला पांढरा टिश्यू गुंडाळून जरा दाबून एकदा ओढा. प्रत्येक वेळी नवीन बारकोड, टिश्यूची नवीन जागा.

४. ज्या सेकंदाला टिश्यू पांढरा राहतो, तो तुमचा आकडा. तो रोलच्या कोअरवर आतून लिहून ठेवा.

माझ्या त्या क्रोमो रोलवर नंतर मोजलं तेव्हा आकडा आला चार सेकंद. 'फास्ट ड्राय' खोटं नव्हतं. चार सेकंद फास्टच आहे. माझं मशीन त्याहून फास्ट होतं, एवढंच.

दुसरं घड्याळ: मशीनवरचं

एका बाजूने कोरा रोल सुटतो, मधे हेडखाली छपाई होते, दुसऱ्या बाजूला रोल गुंडाळला जातो. हेडपासून गुंडाळण्याच्या जागेपर्यंत कागद जेवढा वेळ प्रवास करतो, तेवढाच वेळ शाईला मिळतो. एकदा गुंडाळला की वरच्या लेबलची पाठ खालच्या छपाईवर दाबून बसते. नंतर ती कितीही दिवस तशीच सुकली तरी उपयोग नाही, डाग पडायचा तो पडून गेलेला असतो.

गणित सोपं आहे:

मिळणारा वेळ (सेकंद) = हेड ते रिवाइंडर अंतर (मीटर) ÷ वेग (मीटर प्रति सेकंद)

वेग मिनिटाला किती मीटर हा आकडा असेल तर त्याला ६० ने भागा.

माझी त्या दिवशीची परिस्थिती बघा. वेग मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला ०.५ मीटर. हेड ते रिवाइंडर अंतर ६० सेंटिमीटर. ०.६ ÷ ०.५ = १.२ सेकंद. शाईला हवे होते चार, मी दिले सव्वा. मग बाहेरची लेबलं चांगली कशी? कारण बाहेरच्या थरांवर दाब जवळजवळ नसतो. जसजसं कोअरकडे जाल तसा दाब वाढतो. ओली शाई आणि दाब दोन्ही एकत्र आले की छपाई वरच्या थराच्या पाठीला लागते आणि बाजूला पसरते.

आज माझी मांडणी अशी आहे: वेग मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.२ मीटर. दोन जादा रूळ बसवून कागदाचा रस्ता वरखाली फिरवला आणि अंतर दीड मीटर केलं. १.५ ÷ ०.२ = ७.५ सेकंद. लागतात चार, मिळतात साडेसात. जवळजवळ दुप्पट. माझा नियम हाच: लागणाऱ्या वेळेच्या दीडपट तरी द्या, पावसाळ्यात दुप्पट.

जादा रूळ बसवताना एक काळजी घ्या. छापलेली बाजू ओली असताना रुळाला टेकता कामा नये. रूळ कागदाच्या पाठीला लागेल असा रस्ता काढा. तसा निघत नसेल तर रूळ नको, वेग कमी करा. मधे गरम हवेचा ब्लोअर लावला तर मदत होते. पण तो हेडवर रोखू नका, आणि सॉल्व्हंट शाई असेल तर गरम कॉइलचा ब्लोअर अजिबात नको. ती शाई पेट घेणारी असते. त्या खोलीत उदबत्ती नाही, गॅस नाही, सिगारेट नाही. खिडकी उघडी, पंखा चालू.

रिवाइंडरचा ताणही कमी ठेवा. रोल दगडासारखा घट्ट गुंडाळायची गरज नाही.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारं गणित. लेबल आणि गॅप धरून ७५ मिलिमीटर. दोन हजार लेबलं म्हणजे १५० मीटर. मिनिटाला ३० मीटरने पाच मिनिटं. मिनिटाला १२ मीटरने साडेबारा मिनिटं. मी साडेसात मिनिटं वाचवली होती. त्या साडेसात मिनिटांची किंमत बचत गटाने दीड महिना चुकवली.

तिसरं घड्याळ: नोझलमधलं

इथे बरेच जण फसतात. एकदा शाई ओली राहिली की पुढच्या वेळी दुकानात जाऊन सांगतात, "सगळ्यात लवकर सुकणारी द्या." मिळते. पण जी शाई कागदावर दोन सेकंदात सुकते, ती नोझलच्या तोंडावरही सुकतेच. नोझलला थोडंच माहितीय की इथे सुकायचं नाही?

तुम्ही चहाला गेलात, हेड उघडं राहिलं, परत येऊन मशीन सुरू केलं की पहिली काही लेबलं अर्धवट फिकी. किंवा बारकोडमधून आडवी पांढरी रेष गेलेली. एखादी बारीक आडवी रेष असेल तर स्कॅनर तिच्या वर-खाली वाचून घेतो. पण त्या तीन-चार झाल्या की थांबा.

सवयी लावून घ्या:

१. काही मिनिटांसाठी जरी मशीन थांबलं तरी कार्ट्रिजला टोपी लावा. जेवायला जाताना तर नक्कीच.

२. पुन्हा सुरू करताना पहिली चार-पाच लेबलं रद्दी धरा. ग्राहकाला दोन हजार द्यायची तर रोलमध्ये तेवढी जादा आहेत ना, ते आधी बघा.

३. नोझल पुसताना धागे न सुटणारं कापड घ्या. टिपून घ्या, घासू नका.

४. काम संपल्यावर कार्ट्रिज मशीनमध्येच तसं सोडू नका.

म्हणजे शाई निवडताना 'सगळ्यात फास्ट' हा निकषच चुकीचा आहे. तुमच्या मशीनच्या रस्त्यात आरामात सुकेल आणि नोझलमध्ये जास्तीत जास्त वेळ ओली राहील, अशी शाई योग्य. क्रोमोवर चार सेकंदांची शाई पुरत असेल आणि तुम्ही सात देऊ शकत असाल, तर एक सेकंदाच्या शाईसाठी जादा पैसे आणि जादा डोकेदुखी घेऊ नका.

बारकोडची मांडणी: चार गोष्टी

उंची. बाजारातल्या बहुतेक छोट्या इंकजेटची छपाईची उंची १२.७ मिलिमीटर असते, म्हणजे अर्धा इंच. ईएएन-१३ च्या रेघांची मूळ उंची मात्र २२.८५ मिलिमीटर. अर्ध्या इंचात बारकोड बसवला की तो बुटका होतो. वाचला जातो, पण कॅशियरला पाकीट नीट फिरवून धरावं लागतं. ग्राहकाला हे आधी सांगा. उंची कमी केली तर रुंदी तरी अजिबात कमी करू नका.

दिशा. अर्ध्या इंचाच्या हेडवर उभ्या रेघा कागदाच्या चालीला आडव्याच पडतात, दुसरा पर्याय नाही. त्यामुळे कागद घसरला किंवा वेग मोजणारं एन्कोडरचं चाक सरकलं, तर रेघांमधलं अंतर ताणलं जातं. चाकाचं रबर धूळ लागून गुळगुळीत झालंय का ते दर रोलला बघा. आणि ओल्या छपाईला पुढे काही घासलं तर काळं सरळ पांढऱ्या जागेत ओढलं जातं. वर रूळ पाठीला लावा म्हटलं ते यासाठीच.

जाडी. मॅपलिथोवर रेघा जाड होतात, त्यासाठी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रेघ बारीक करायचं सेटिंग असतं. ते वापरा. एकेक पायरी कमी करत छापा आणि रेघ व मोकळी जागा भिंगाखाली सारखी दिसेपर्यंत जुळवा.

रंग. काउंटरवरचे बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात. लाल प्रकाशात लाल रंग पांढरा दिसतो. म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा म्हणजे स्कॅनरसाठी कोरा कागद. पण लाल किंवा पिवळ्यावर काळ्या रेघा चालतात. हळदवाले आणि मिरचीवाले, तुमच्यासाठी ही चांगली बातमी. खाकी कागदावर मात्र फरक कमी पडतो आणि सिल्व्हरवर चकाकी आड येते. तिथे पांढरी चौकट छापूनच घ्या.

तपासायचं कसं?

मोबाईलने वाचला म्हणजे झालं, हे डोक्यातून काढून टाका. मोबाईलचा कॅमेरा फोटो काढतो, थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, खूप समजून घेतो. काउंटरवरचा स्कॅनर एवढा समंजस नसतो. एक साधा लेझर स्कॅनर दुकानात ठेवाच. एका परत आलेल्या ऑर्डरपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

माझी पद्धत: रोल झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. मग सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन ठिकाणची लेबलं तपासायची. कोअरजवळचं बघायला रोल उलगडावा लागतो, कंटाळा येतो, तरी उलगडायचा. प्रत्येक लेबल एकाच झटक्यात वाचलं गेलं पाहिजे. दोनदा फिरवावं लागलं तर नापास.

मोठा खरेदीदार असेल तर तो ग्रेड मागू शकतो. त्यासाठी वेगळं व्हेरिफायर यंत्र असतं. आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकाप्रमाणे ए, बी, सी, डी आणि एफ असे गुण मिळतात. किरकोळ विक्रीच्या मालाला किमान सी लागतो. हे यंत्र महाग असतं, विकत घ्यायची गरज नाही. पहिल्या ऑर्डरआधी नमुना तपासून घेतला तरी पुष्कळ.

खरंच इंकजेटच हवं का?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, पण खरेदी करताना तो पहिला विचारायचा.

नंबर कधीच बदलत नाही आणि लेबलं भरपूर लागतात? मग बारकोड लेबलच्या डिझाईनमध्येच घाला आणि प्रेसमधून छापून आणा. तुम्ही फक्त तारीख, बॅच आणि एमआरपी छापा. तारीख थोडी पसरली तरी माणूस वाचतो.

नंबर बदलतो, पण लेबलं रोज काहीशेच? मग रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या. त्यात शाईच नाही, सुकायचा प्रश्नच नाही. कागदाला वॅक्स रिबन, फिल्मला रेझिन. २०३ डीपीआय मशीनवर एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा असतो. बारीक रेघ तीन ठिपक्यांची ठेवा, म्हणजे ०.३७५ मिलिमीटर. दोन ठिपक्यांची केली तर ०.२५ होते आणि ती ८० टक्क्यांच्या खाली जाते.

रिबनशिवायचा थर्मल कागद? बिलाला ठीक. उन्हात, उष्णतेत किंवा तेलकट मालाशेजारी तो उडतो किंवा काळा पडतो. लोणच्याच्या बरणीला नको.

मग इंकजेट कधी? रंगीत छापील रोल तयार आहे, एकाच डिझाईनवर अनेक वजनं आहेत, रोज हजारोंनी लेबलं लागतात आणि रिबनचा वेग पुरत नाही, तेव्हा. माझं काम याच प्रकारचं आहे म्हणून मी ते मशीन ठेवलंय. चूक मशीनची नव्हती.

खर्च काढताना कार्ट्रिजची किंमत भागिले प्रत्यक्ष मिळालेले बारकोड, असं करा. समजा ३,००० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १५,००० बारकोड निघाले, तर एकाला २० पैसे. डब्यावर लिहिलेला आकडा घेऊ नका. पुसण्यात, चाचणीत आणि सुकण्यात गेलेली शाई त्यात धरलेली नसते. आणि रद्दी लेबलांचा खर्चही यातच घाला.

जॉब कार्ड

प्रत्येक रोलसोबत मी आता एक चिठ्ठी लावतो. ही तुम्ही जशीच्या तशी उतरवून घ्या:

कागद कोणता आणि शाई कोणती
टिश्यू टेस्टचे सेकंद
हेड ते रिवाइंडर अंतर
वेग
मिळालेला वेळ (दीडपट तरी आहे का?)
सुरुवात, मध्य, कोअर: स्कॅन झालं का
तारीख आणि तपासणाऱ्याची सही

सही महत्त्वाची. सही करायची म्हटल्यावर माणूस रोल उलगडून बघतोच.

तुमचा गृहपाठ

आज दुकान बंद करण्याआधी तीन आकडे काढा: तुमच्या कागदावर शाई किती सेकंदात सुकते, तुमच्या मशीनवर तिला किती सेकंद मिळतात, आणि हेड उघडं ठेवल्यावर किती मिनिटांनी छपाई फिकी येते. तिन्ही आकडे मशीनवर मार्करने लिहा. वहीत नको, मशीनवरच. कामाला नवीन मुलगा आला तरी त्याला दिसले पाहिजेत.

त्या बचत गटाची लेबलं आजही मीच छापतो. आता त्यांची हळद, मिरची आणि गोडा मसाला, तिन्ही लागतात. ताई रोल न्यायला आल्या की पिशवीतून आपला स्कॅनर काढतात, माझ्यासमोर रोल कोअरपर्यंत उलगडतात आणि बीप वाजल्यावरच पैसे देतात. मला राग येत नाही. उलट तुमच्या ग्राहकालाही ही सवय लागावी आणि तुमचा रोल त्यात पास व्हावा, यासाठीच हा सगळा खटाटोप.

पुढच्या धड्यात थर्मल ट्रान्सफरच्या रिबन कशा ओळखायच्या ते बघू. तोपर्यंत मशीन हळू चालवा, धंदा जोरात चालेल!